उसुई आवडतो, पण जिन्यातला तो नाही

ताई, मी 20 वर्षांची आहे, इंजिनिअरिंगला तिसऱ्या वर्षाला, हॉस्टेलवर राहते. नववीपासून ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, बघतेय आणि त्यातही रोमान्सच जास्त. 'मेड सामा'मधला उसुई माझा पहिला क्रश, अजून आहे, खोटं कशाला बोलू. कॉलेजात आमचा सात-आठ जणांचा ॲनिमेचा ग्रुप आहे. गेल्या महिन्यात त्यातल्याच एका मुलाने लायब्ररीच्या जिन्यात मला भिंतीशी गाठलं, माझ्या कानाजवळ भिंतीवर जोरात हात आपटला आणि "काबेडोन!" म्हणाला. वरच्या पायरीवर त्याचा मित्र मोबाईल धरून उभा होता. मी हसले. खरंच हसले ताई. मग रूमवर आले आणि पाण्याची बाटली उघडता येईना, हात एवढे कापत होते. ग्रुपमध्ये विषय काढला तर एक जण म्हणाला, "तूच तर असले सीन स्टेटसला ठेवतेस." रूममेट म्हणते, "मुळात असलं टॉक्सिक बघतेसच कशाला, बघितलंस ना काय होतं." मला आता दोघंही बरोबर वाटायला लागलेत. पडद्यावर जे मी तीनदा मागे घेऊन बघते त्याचीच खऱ्यात किळस आली, म्हणजे मी ढोंगी आहे का? बघणं बंद करू का? आणि तो मुलगा रोज समोर येतो, त्याला काय बोलू?
— कापऱ्या हातांची

अगं बाई,

आधी हसण्याचं बोलू. कारण मला दिसतंय, बाकी सगळ्यापेक्षा तुला तेच जास्त टोचतंय. 'खरंच हसले ताई' असं लिहिलंयस, जसं काही कोर्टात कबुलीजबाब देतेयस. मी अकरावीला होते तेव्हा आमच्या गावात एक मुलगा क्लासपासून घरापर्यंत रोज सायकलने मागे यायचा, बोलायचा काही नाही, नुसता यायचा, मी थांबले की थांबायचा, आठ महिने. एकदा पोस्टाच्या कोपऱ्यावर माझ्या सायकलची चेन पडली आणि तो शेजारी येऊन उभा राहिला, भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि मी त्याच्याकडे बघून हसले. का, तर त्याला राग येऊ नये म्हणून. एवढंच. ते एक हसू त्याने गावभर मिरवलं, 'ती हसली होती' म्हणून, आणि माझ्या सख्ख्या मावशीने आईला येऊन सांगितलं की पोरगीच हसते तर पोराला काय बोलायचं. त्यामुळे हसण्याबद्दल मला कुणी काही शिकवू नये. आपल्याला लहानपणापासून सवयच लावलीय, कुणी अंगावर आलं की आधी समोरच्याचा मूड सांभाळायचा, स्वतःचं नंतर बघू. डोक्यात विचार यायच्या आत चेहरा ते काम उरकून मोकळा झालेला असतो. तुझे हात काय म्हणत होते ते त्या बाटलीला विचार.

आता काबेडोनकडे येऊ, ज्या वाचकांना हा शब्द नवा आहे ते एव्हाना वैतागले असतील. जपानीत काबे म्हणजे भिंत आणि डोन म्हणजे धप्प असा आवाज. या शब्दाचा आधीचा अर्थ मुळीच रोमँटिक नव्हता बरं का, पातळ भिंतींच्या फ्लॅटमध्ये शेजारचा फार दंगा करायला लागला की भिंतीवर मूठ आपटून 'गप रे' सांगायचं, ते काबेडोन, म्हणजे आपल्याकडे खालच्या मजल्यावरचे काका झाडूच्या दांड्याने छत ठोकतात ना, तसलं. मग मुलींच्या मांगामधल्या, म्हणजे जपानी चित्रकथांमधल्या, त्या सीनला, मुलगी भिंतीला टेकलेली, मुलाचा हात तिच्या कानाशी, तोंड चार बोटांवर, हेच नाव चिकटलं आणि 2014 साली तर तो जपानमधल्या त्या वर्षीच्या गाजलेल्या शब्दांच्या पहिल्या दहांत जाऊन बसला. त्याच दहांत दुसरा एक शब्द होता, 'माताहारा', म्हणजे नोकरी करणाऱ्या बाईला दिवस गेले की ऑफिसात तिला जो त्रास दिला जातो तो. एकाच यादीत दोन्ही! मला तर ती यादी फ्रेम करून लावावीशी वाटते.

त्याच वर्षी ऑक्टोबरात 'वुल्फ गर्ल अँड ब्लॅक प्रिन्स' आला, बघितलाच असशील. एरिका मैत्रिणींना थाप मारते की मला बॉयफ्रेंड आहे, पुरावा म्हणून रस्त्यात दिसलेल्या एका देखण्या मुलाचा चोरून फोटो काढते, तो निघतो तिच्याच शाळेतला साता क्योया, आणि ही थाप निभावून न्यायच्या बदल्यात तो तिला म्हणतो की माझं कुत्रं हो. कुत्रं. 12 एपिसोड. मी आणि माझ्या भाचीने एका रविवारी दुपारी लावला, पहिल्या एपिसोडला मी चवताळले, चौथ्याला टीव्हीला शिव्या देत होते आणि सहाव्याला भाचीला म्हणलं, "थांब, चहा टाकते, मी येईपर्यंत लावायचा नाही." चाळिशी ओलांडलेली, लोकांना सल्ले देऊन पोट भरणारी बाई मी. तर तू ढोंगी असशील तर मी सवाई ढोंगी.

मग हे का आवडतं, तर माझं असं म्हणणं आहे. मुलींसाठीच्या मांगात, शोजोमध्ये, गोष्ट सांगायची एक रीत आहे, नायिकेच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतं, आणि नायकाच्या मनातलं तिला कळायच्या कितीतरी आधी आपल्याला कळलेलं असतं. तो पावसात मांजराच्या पिल्लावर छत्री धरून उभा होता ते आपण बघितलेलं असतं. रात्री खिडकीत बसून तिचाच विचार करत होता तेही. त्यामुळे भिंतीवर हात पडतो तेव्हा हा मारणार नाहीये हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि तिला तो आतून आवडतोय हेही ठाऊक असतं, म्हणजे दोघांचा होकार लेखिकेने आधीच आणून आपल्या हातात ठेवलेला असतो, फक्त त्या दोघांनी एकमेकांना काही विचारलेलं नसतं आणि आपल्याला त्याची गरजही वाटत नाही. जिन्यात तुला त्याचं मांजर माहीत नव्हतं गं. आणि तुझ्या मनात काय चाललंय ते त्याला ऐकू येत नव्हतं, आलं असतं तर हात खाली घेतला असता, निदान मी तसं धरून चालते.

दुसरं एक कारण आहे, ते आपण मैत्रिणी मैत्रिणीही फारसं बोलत नाही. इकडे काय नि तिकडे काय, 'मला तू हवा आहेस' असं पोरीने तोंडाने म्हणलं की ती आगाऊ. मग गोष्टीत सोय करून ठेवलेली असते, तिने काही मागायचंच नाही, तोच येणार, तोच अडवणार, तोच मनगट धरून ओढत नेणार, म्हणजे हवं ते सगळं पदरात पडतं आणि नावाला बट्टा नाही. भित्री सोय आहे, मला विचारशील तर. पण ज्या घरात पोरगी पाच मिनिटं खिडकीत उभी राहिली तरी 'काय बघतेस' विचारतात तिथल्या पोरीला मी त्यावरून नावं ठेवणार नाही, कारण मी त्याच घरातली आहे.

आणि तुझा उसुई. तो मागे मागे फिरतो हे काही मी नाकारत नाही, मिसाकी स्वतः त्याला विकृत एलियन म्हणते. पण आठवून बघ, ती मालिका सुरू कशी होते. मिसाकी शाळेची प्रेसिडेंट, पोरांना धाकात ठेवणारी, घरची परिस्थिती बेताची म्हणून गुपचूप मेड कॅफेत काम करते, झालरीचा ड्रेस घालून गिऱ्हाइकांना 'मालक' म्हणते, आणि हे गुपित उसुईला कळतं. आणि तो ते कुणालाही सांगत नाही. मला विचारशील तर त्या पोराच्या प्रेमात पडायला एवढं पुरे आहे, बाकी छतावरून उड्या वगैरे मसाला. आता क्योया बघ, त्याच्याही हातात एका मुलीचं गुपितच आलं होतं, त्याने त्याचा गळ्यातला पट्टा केला. दोन्हीकडे देखणा पोरगा, दोन्हीकडे मुलीची नस त्याच्या हातात, आणि तरी किती वेगळे निघाले बघ. म्हणजे तुला उसुई आवडतो यात 'मला भिंतीशी दाबा' असं कुठेच लिहिलेलं नाहीये, उलट जगात बदनाम करायची सोय असताना जो गप्प बसला तो तुला आवडलाय. तुझ्या जिन्यातला हिरो सोबत कॅमेरामन घेऊन आला होता.

बरं, ते दोन वकील.

स्टेटसवाला. मला मिसळ आवडते, फोटो टाकते, लिहिते तिच्यावर, म्हणून कुणी बसस्टॉपवर येऊन माझ्या डोळ्यांत तर्री ओतावी का, आणि वर म्हणावं, 'पण ताई तुम्हालाच तर आवडते'? याच्यावर याहून जास्त शब्द मी खर्च करणार नाही.

रूममेटचं वेगळं आहे. तिला काळजी आहे तुझी, फक्त तो राग ती भलत्याच माणसावर काढतेय, हात आपटला त्याने आणि वॉचलिस्ट साफ करायची तू, हा कुठला न्याय. पण तिचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही, त्या पोराने ते आकाशातून आणलेलं नाही, बघूनच आणलंय. तोच सीन त्यानेही बघितला, त्यातलं मांजर सोडलं, महिनाभराची ओळख सोडली, आणि फक्त हात उचलला. तरी हे ॲनिमेनेच शिकवलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, कारण माझ्या सायकलवाल्याच्या वेळी गावात ॲनिमे नव्हतं, एक थिएटर होतं आणि तिथला हिरो कॉलेजच्या गेटपासून मुलीच्या मागे गाणं म्हणत जायचा, ती आधी चिडायची आणि कडवं संपायच्या आत हसायची. हसायची! त्यामुळे गावातल्या पोरांना वाटायचं की चिडणं ही पहिली पायरी असते.

ग्रुपमध्ये अजून कुणी म्हणलं नसेल तर लवकरच म्हणेल की अगं ती जपानची संस्कृतीच आहे, आपण कोण जज करणारे. त्याला सांग की 1999 मध्ये सैतामामधल्या ओकेगावा स्टेशनसमोर कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीचा दिवसाढवळ्या खून झाला, त्याआधी कित्येक महिने तिचा छळ चालू होता, तक्रार केलेली होती आणि पोलिसांनी ती मनावर घेतली नव्हती, त्यावरून एवढं रान उठलं की 2000 साली जपानने पाठलागाविरुद्ध वेगळा कायदा केला. आपल्याकडे पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा व्हायला 2013 उजाडलं, आता तो भारतीय न्याय संहितेत कलम 78 मध्ये आहे. म्हणजे या बाबतीत ते आपल्या 13 वर्षं पुढे, कसली संस्कृती घेऊन बसलाय. तिथल्या बायका 2019 पासून दर महिन्याच्या 11 तारखेला हातात फुलं घेऊन रस्त्यावर उभ्या राहायला लागल्या, लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांमध्ये एकामागून एक आरोपी सुटत होते म्हणून, आणि 2023 मध्ये कायदा बदलला, संमतीचं वय 1907 पासून 13 होतं ते 16 झालं. आणि तिकडच्या नेटकऱ्यांचा तर एक जुना टोमणाच आहे, 'तादाशी इकेमेन नी कागिरु', म्हणजे 'अट एकच, पोरगा देखणा हवा', कुठल्याही काबेडोन टाइप प्रकाराखाली चिकटवायला बरा. आपण इथे बसून त्यांची बाजू घ्यायच्या आधी त्यांनीच स्वतःची खेचून झालीय.

अर्थात दुसऱ्या बाजूचेही तिथलेच आहेत. 'लव्ह हिना' आठवतो का, तुझ्या आधीच्या पिढीचा आहे, पोरगा दर एपिसोडला चुकून न्हाणीघरात धडपडतो आणि नायिका ठोसा मारून त्याला ढगांत पाठवते, त्याचा मूळ मांगा काढणारे केन आकामात्सु 2022 मध्ये मांगाचं अभिव्यक्तिस्वातंत्र्य हा मुद्दा घेऊन निवडणुकीला उभे राहिले आणि 5 लाखांवर मतं घेऊन जपानी संसदेच्या वरच्या सभागृहात गेले. त्यांचं सगळं चूक असं मी म्हणत नाही, सरकारने मांगा तपासत बसावं असं मलाही नको. पण ते ठोसे... पोरीने पोराला बडवलं की विनोद, हा प्रकार मला वर्षानुवर्षं खटकला नव्हता, माझ्या दहा वर्षांच्या भाच्याने जेवताना विचारलं, "आत्या, तिने मारलं तर सगळे हसतात का?" तेव्हा खटकला. त्याला शाळेत कुणीतरी मारत होतं हे त्यातून बाहेर आलं, ती वेगळी कथा.

बंद करू का, हा तुझा प्रश्न राहिला. नको करूस. लोक काय काय करतात बघ. 'उसागी ड्रॉप' नावाचा 2011 चा 11 एपिसोडचा ॲनिमे आहे, तिशीतला डायकिची आजोबांच्या मयताला जातो, तिथे कळतं की म्हाताऱ्याला सहा वर्षांची मुलगी आहे, नातेवाईक सगळे तोंड फिरवतात आणि हा एकटा माणूस म्हणतो मी नेतो. मग पाळणाघर शोधणं, सकाळी तिला घेऊन धावत सुटणं, संध्याकाळी वेळेवर आणायला जाता यावं म्हणून ओव्हरटाइम नसलेल्या खात्यात बदली मागून घेणं, एवढंच आहे त्यात आणि मी तो तीनदा बघितलाय. मांगा मात्र पुढे जातो, मध्ये दहा वर्षं उलटतात आणि शेवटी तीच मुलगी डायकिचीशी लग्न करायचं म्हणते. ज्या माणसाने तिच्या पडलेल्या दातांची काळजी केली त्याच्याशी. तर आता नवीन कुणी विचारलं की जुने लोक आधीच बजावतात, ॲनिमे बघ आणि तिथेच थांब, मांगाला हात लावू नकोस. मी लावलेला नाही. कुणी मला भित्री म्हणावं, माझा डायकिची अजून पाळणाघराच्या दारात धापा टाकत उभा आहे.

'फ्रुट्स बास्केट'वाल्यांचं उलटं झालं. 2019 ते 2021 मध्ये तो नव्याने पूर्ण काढला, 63 एपिसोड, लोक रडून रडून पालथे झाले, आणि मग 2022 च्या 'प्रिल्यूड' सिनेमात नायिका तोरूच्या आईवडिलांची गोष्ट आली, आई शाळकरी पोर आणि बाप त्याच शाळेत आलेला शिकाऊ मास्तर, तेव्हा त्याच रडणाऱ्यांपैकी कितीतरी जणांनी नाकं मुरडली. त्यांनी आधीचे रुमाल काही परत मागितले नाहीत. माणसाला एकाच गोष्टीत एक जागा आवडू शकते आणि दुसरी जागा घशाखाली उतरत नाही, आपण सासरच्या माणसांबरोबर आयुष्य काढतो ते काय वेगळं असतं.

तू एक उद्योग कर, मी भाचीबरोबर केला होता. तुझा तो तीनदा मागे घेतलेला सीन काढ, आवाज बंद कर, सबटायटल बंद कर. गाणं गेलं की किती जातं बघ. गालांवरच्या लाल रेघा आणि मागे तरंगणारे बुडबुडे राहतात, त्यावर तळहात धर. उरतं काय, तर एक उंच मुलगा आणि वाट बंद झालेली एक मुलगी. माझ्या भाचीने ते बघितलं, जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "आता आवाज लाव." लावला. पुन्हा आवडला तिला, मलाही. पण नंतर ती आपसूक सांगायला लागली, 'इथे तो विचारतोय बघ', 'इथे नाही विचारलं', क्रिकेटची कॉमेंटरी करतात तशी, मला शांतपणे एक एपिसोड बघू देईना.

आणि जरा तोंडाला चव यावी म्हणून, 2015 चा 'ओरे मोनोगातारी' बघितला नसशील तर बघ. ताकेओ हा पोरगा स्वतःच भिंतीएवढा आहे, ट्रेनमध्ये एका मुलीला कुणीतरी हात लावत असतं त्याला तो धरतो, मुलगी याच्याच प्रेमात पडते आणि हा बिचारा ठाम समजतो की तिला आपला देखणा मित्र आवडलाय. म्हणजे गैरसमज यालाही होतो, पण स्वतःच्या फायद्याचा करून घेत नाही. 'होरिमिया' तर बघितलाच असशील, त्यात होरीला मियामुराने दरडावून बोललेलं आवडतं, तीच मागे लागते आणि तो कानकोंडा होतो, बऱ्याच जणांना तो भाग विचित्र वाटतो, मलाही थोडा वाटला, पण तिथे मागणारी ती आहे आणि तोंडाने मागतेय हे लक्षात घे.

आता तो मुलगा. तो वाईट आहे का हे मला इथे बसून कळणार नाही, कदाचित त्याला खरंच वाटलं असेल की तुला आवडेल, तुम्ही एकाच ग्रुपातले, एकच सीन बघून एकत्र ओरडणारे. पण मित्राला मोबाईल घेऊन वरच्या पायरीवर उभं करायचं तर ते आधी ठरवावं लागतं. म्हणजे विचारायला वेळ होता. त्याने मित्राला विचारलं, तुला नाही.

समोर जाऊन बोलायची ताकद नसेल तर मेसेज कर, उलट मेसेजच बरा, लेखी राहतं. असं काहीतरी लिही, "जिन्यात तू जे केलंस ते मला आवडलं नाही. मी घाबरले होते. हसले कारण दुसरं काही सुचलं नाही. पुन्हा माझ्याशी असं करू नकोस. व्हिडिओ तू आणि तुझ्या मित्राने डिलीट करा आणि केल्यावर मला सांग, कुणाला पाठवला असेल तर तेही सांग." 'राग मानू नकोस', 'माझंही चुकलं असेल', 'तू चांगला मित्र आहेस पण' हे सगळं गाळ, मला माहीत आहे तू ते टाइप करणार आहेस. व्हिडिओचं वाक्य मात्र गाळू नकोस, ते सगळ्यात महत्त्वाचं.

त्याने सरळ माफी मागितली, व्हिडिओ काढला, तर ठीक, लगेच मैत्री चालू ठेवायचं तुझ्यावर बंधन नाही, बघ जमेल तसं. 'अगं जोक होता' म्हणाला तर 'मला नव्हता' एवढंच लिही आणि थांब, वाद घालत बसू नकोस, पानभर लिहून कुणाला पटत नाही. आणि परत काही केलं किंवा तो व्हिडिओ ग्रुपात फिरताना दिसला तर रूममेटला सोबत घे (तिला काळजी आहेच, कामाला लाव) आणि कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जा. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आणि 2015 चे यूजीसीचे नियम यांच्यामुळे प्रत्येक कॉलेजात अशी समिती असावीच लागते आणि विद्यार्थिनींना तिच्याकडे जाता येतं. लेखी तक्रार घटनेपासून 3 महिन्यांच्या आत द्यायची असते, तुझा एक महिना गेलाय, तेव्हा आजच वहीत तारीख, वेळ, कुठला जिना, कोण कोण होतं, कोण काय बोललं हे लिहून ठेव, तक्रार कर किंवा नको करूस. दोन महिन्यांनी 'मंगळवार होता की बुधवार' इथेच माणूस अडकतो. लायब्ररीचा जिना तुझा आहे, लांबून जायला लागू नकोस, पण पहिले काही दिवस कुणालातरी सोबत ने, त्यात कमीपणा नाही.

आणि तो मेसेज लिहून झाला की शेवटी तो पिवळा हसरा चेहरा टाकू नकोस. बोट तिकडे जाईलच, सवयीने. माझं अजून जातं.